कोणाबरोबर पाहिला?

मरीन लाइन्स स्टेशनवरून बॉम्बे हॉस्पिटलच्या बाजूला चालत निघालं की लिबर्टी सिनेमा लागतो. स्वातंत्र्याच्या सुमारास उभारायला घेतलं म्हणून नाव लिबर्टी. १९४९मध्ये मेहबूब खान यांच्या ‘अंदाज’ने इथला पडदा उघडला. आर्ट डेको धाटणीची देखणी इमारत, आत उंची लाकूडकाम, बाराशेच्या आसपास खुर्च्या. ५ ऑगस्ट १९९४ रोजी इथे ‘हम आपके हैं कौन..!’ लागला आणि १०० आठवड्यांहून अधिक काळ उतरला नाही.

प्रदर्शनाच्या वेळी जाणकारांचा सूर मात्र वेगळाच होता. ‘ही तर लग्नाची व्हिडिओ कॅसेट!’ हा तेव्हाचा शेरा या चित्रपटाला कायमचा चिकटला. सव्वातीन तासांच्या घरातला सिनेमा आणि त्यात १४ गाणी. सोयरीक, लग्न, डोहाळजेवण, बाळाचं कौतुक. खलनायक नाही, मारामारी नाही, गरीब-श्रीमंतांचा झगडा नाही. थोरली बहीण जिन्यावरून पडेपर्यंत कथानक म्हणावं असं काही घडतच नाही. सिनेमाच्या धंद्यात मुरलेल्या लोकांनाही सुरुवातीचा खेळ पाहून घोर लागला. लांबी कमी करायची म्हणून काही गाणी कापली गेली, आणि प्रेक्षकांनी मागितली म्हणून ती परत जोडावी लागली.

गाणी कापायला सांगणारे बेअक्कल नव्हते. त्यांनी सिनेमा पाहिला आणि तो लांबलेला आहे असं त्यांना वाटलं. आजही डीव्हीडी लावून एकट्यानं बसलात तर तुम्हालाही तसंच वाटेल. गाणी परत मागणारे लोक तोच सिनेमा भरल्या घरासारख्या थिएटरात बसून पाहत होते. मला या लेखात म्हणायचं आहे ते एवढंच. समीक्षक सिनेमा एकट्यानं पाहतो आणि ‘यात आहे काय?’ असं विचारतो. आपल्या घरांमध्ये आधी विचारलं जातं ते ‘कोणाबरोबर जायचं?’ प्रेमाच्या हसत्या-खेळत्या सिनेमाबाबत हा दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच मोलाचा आहे, आणि आपल्या चित्रपट परीक्षणांनी तो जवळजवळ कधी विचारलेला नाही.

हे रोमँटिक कॉमेडीच्या बाबतीत जास्त जाणवतं, कारण तिचा शेवट पोस्टरवरच छापलेला असतो. खून कोणी केला ते शेवटच्या रिळापर्यंत लपवता येतं, पण हा आणि ही एकत्र येणार हे तिकीट काढतानाच ठाऊक असतं. सतीश राजवाडे यांच्या ‘मुंबई-पुणे-मुंबई’मध्ये (२०१०) तर पुण्यातला एक दिवस आणि दोन माणसं, इतकंच आहे. चित्रपट संपेपर्यंत त्या दोघांची नावंही कळत नाहीत. मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी बोलत राहतात, भांडत राहतात आणि थिएटरातली पुणेकर मंडळी मुंबईवरच्या टोमण्याला टाळ्या देतात, तर मुंबईकर पुण्यावरच्या. परीक्षण लिहिणाऱ्याला या टाळ्या कुठे नोंदवाव्यात हे कळत नाही. पटकथा या सदरात त्या बसत नाहीत, अभिनयातही नाही. खरं तर त्या टाळ्या धरूनच तो सिनेमा पुरा होतो.

‘हम आपके’ आम्ही घरच्या सगळ्यांनी मिळून पाहिला. आमच्या तालुक्याच्या गावी तो बराच उशिरा आला, कारण चित्रपटाच्या निर्मात्यांनी, राजश्रीवाल्यांनी, सुरुवातीला तो मोजक्याच थिएटरांत लावला होता आणि व्हिडिओ कॅसेट बाजारात येऊ दिली नव्हती. अख्खी रांग आमचीच होती. आजी, दोन्ही काकू, नुकतीच लग्न होऊन आलेली वहिनी, आम्ही पोरं आणि टोकाला, बाहेर जायला बरं पडावं म्हणून, काका. पडद्यावर लक्ष्मीकांत बेर्डे आले तेव्हा जी आरोळी उठली, ती मला आजही ऐकू येते. हिंदी सिनेमाच्या हिशेबात तो घरातला नोकर लल्लू. आमच्या हिशेबात तो ‘अशी ही बनवाबनवी’चा नायक, आमचा लक्ष्या, चांगल्या घरी गेलेला. रेणुका शहाणे दिसल्यावर वहिनी म्हणाली, “अगं, ही ‘सुरभि’मधली ना?” रीमा तर घरच्याच वाटायच्या. माधुरीची कुणाला ओळख करून द्यावी लागली नाही. एका पंजाबी-मारवाडी थाटाच्या बंगल्यातली ही गोष्ट आमच्या रांगेनं निम्मी मराठी करून टाकली होती, आणि दिग्दर्शक सूरज बडजात्या यांचा त्यात फारसा हात नव्हता.

मग डोहाळजेवणाचा प्रसंग आला. बायकांचाच कार्यक्रम, पुरुषांना मज्जाव. एक मैत्रीण पोटाला उशी बांधून गरोदर वहिनीची नक्कल करते आणि थोड्या वेळानं चोरून आत शिरलेला सलमान खान तीच नक्कल करू लागतो. थोरली काकू तोंडाला पदर लावून इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि हसता हसता तिनं वहिनीच्या मांडीवर चापट मारली. घरात या दोघींमध्ये सासू-सुनेचं अंतर होतं. ते त्या अंधारात काही मिनिटं सैल पडलं. डोहाळजेवणाला बायका नवऱ्यावर, दिरावर, सासूवर काय काय थट्टा करतात हे त्यांना माहीत होतं. मोठ्या पडद्यावर, मोठ्या नट्यांनी, लता मंगेशकरांच्या आवाजात ती थट्टा केलेली त्या पहिल्यांदाच पाहत होत्या. आजी इंटरव्हलला म्हणाली, “चांगला आहे हो. सगळ्यांना घेऊन बसता येतं.”

हे वाक्य त्या वर्षी महाराष्ट्रातल्या किती घरांत उच्चारलं गेलं असेल! त्यामागे आधीची दहाएक वर्षं होती. ऐंशीच्या दशकात व्हीसीआर आले, भाड्याच्या कॅसेटी आल्या, नव्वदीच्या सुरुवातीला केबल आलं. थिएटरांच्या खुर्च्या फाटल्या, पंखे बंद पडले. सूडाच्या आणि बलात्काराच्या दृश्यांनी भरलेल्या सिनेमाला घरातल्या बायकांना न्यायचं नाही हा अनेक कुटुंबांत न सांगता पाळला जाणारा नियम झाला होता. मध्यमवर्ग थिएटरातून उठून घरच्या टीव्हीसमोर जाऊन बसला होता. राजश्रीनं कॅसेट रोखून धरली आणि ज्या थिएटरात लावायचा तिथे स्वच्छता, आवाज, पडदा नीट असावा याकडे लक्ष दिलं. त्यामुळे ज्यांना पाहायचा होता त्यांना घराबाहेर पडावंच लागलं. देशात १०० कोटींचा पल्ला गाठणारा पहिला हिंदी चित्रपट म्हणून त्याचं नाव पुढे घेतलं गेलं. त्या कोटींच्या आत माझ्या आजीचं, काकूंचं, वहिनीचं तिकीट आहे, आणि त्या तिघी त्याआधी किती वर्षांत थिएटरला गेल्या नव्हत्या ते मला आठवतही नाही.

समीक्षा एका ठिकाणी बसून राहत नाही, ती शिकते, याचा एक सुंदर दाखला याच चित्रपटाच्या संदर्भात आहे. समाजशास्त्रज्ञ पॅट्रिशिया उबेरॉय यांनी दिल्लीत हा चित्रपट पाहणाऱ्या लोकांशी बोलून एक दीर्घ निबंध लिहिला. तो २००१मध्ये भारतातल्या सार्वजनिक संस्कृतीवरच्या एका ग्रंथात आला. प्रेक्षकांना त्यांनी विचारलं की तुम्हाला यात आवडलं काय, आणि उत्तरं पुन्हा पुन्हा एकाच मुद्द्यावर येत राहिली. यात अश्लील काही नाही, हा स्वच्छ सिनेमा आहे, सगळं कुटुंब मिळून पाहू शकतं. आता गंमत अशी की दीर-भावजय, मेहुणा-मेहुणी या नात्यांतली छेडछाड चित्रपटात भरपूर आहे आणि गाण्यांमध्ये दुहेरी अर्थही आहेत. प्रेक्षकांच्या नजरेतून ते सुटलं नव्हतं. त्यांनी ते वेगळ्या खात्यात जमा केलं होतं. लग्नघरात जी थट्टा चालते ती पडद्यावरही चालते; अनोळखी माणसानं रस्त्यात केलेली तीच थट्टा चालणार नाही. ही कसोटी बारीक आहे, आणि लोक ती किती सफाईनं वापरतात हे उबेरॉय यांनी ऐकून घेतलं म्हणून कळलं. प्रेक्षक डोकं घरी ठेवून येतात असं म्हणणाऱ्यांनी हा निबंध वाचायला हवा.

याच कसोटीची दुसरी बाजू पाहायची तर या चित्रपटाच्या संगीतकाराकडे जावं लागतं. रामलक्ष्मण. मूळचे नागपूरचे विजय पाटील. जोडीदार राम यांच्याबरोबर त्यांनी १९७५मध्ये दादा कोंडके यांच्या ‘पांडू हवालदार’ला संगीत दिलं. राम लवकर गेले, पण पाटलांनी जोडीचं नाव सोडलं नाही; पुढची सगळी कारकीर्द ते एकटेच रामलक्ष्मण राहिले. दादांच्या द्वयर्थी गाण्यांना चाली लावणारा हा माणूस. ‘राम राम गंगाराम’चा हाच, आणि ज्या सिनेमाला अख्ख्या देशानं ‘स्वच्छ’ म्हणून डोक्यावर घेतलं त्याचाही हाच.

दादांच्या लागोपाठ नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केला आणि गिनीज बुकात नोंद झाली. सुसंस्कृत म्हणवणाऱ्या वर्तमानपत्री समीक्षेला तो काळ फार जड गेला. सेन्सॉरशी दादांचे खटके उडायचे, परीक्षणांत नाकं मुरडली जायची आणि कोहिनूर थिएटरसमोर रांग लागलेली असायची. त्या रांगेतली माणसं आणि १९९४ची माणसं पूर्णपणे निराळी होती असं मानायचं काही कारण नाही. कित्येक जण तेच असतील, वीस वर्षांनी मोठे झालेले. दादांचा सिनेमा त्यांनी मित्रांबरोबर पाहिला, गिरणीच्या पाळीतून सुटून पाहिला, जत्रेला आलेले असताना तंबूत पाहिला. राजश्रीचा सिनेमा त्यांनी बायको, आई आणि लग्नाच्या मुलीबरोबर पाहिला. माणूस तोच, संगत वेगळी, आणि संगतीप्रमाणे त्याच्या हसण्याची हद्दही वेगळी. रामलक्ष्मण यांना दोन्ही हद्दी नेमक्या ठाऊक होत्या. मराठीत त्यांच्या या शहाणपणावर पुरेसं लिहिलं गेलेलं नाही, याची मला खंत वाटते.

समीक्षकाची बाजूही मला तितक्याच आस्थेनं मांडायची आहे, कारण ती बाजू मी आतून पाहिलेली आहे. प्रेस शो म्हणजे बहुधा एक छोटं प्रिव्ह्यू थिएटर किंवा मल्टिप्लेक्समधला सकाळचा पडदा. मोजकी माणसं, प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना रिकाम्या खुर्च्या. हसू आलं तरी जो तो आवरतो, कारण शेजारी स्पर्धक वर्तमानपत्राचा माणूस आहे. बाहेर पडताना निर्मात्याचा माणूस ‘कसा वाटला?’ म्हणून हात धरतो. मग तीनशे-चारशे शब्द, वर तारे आणि शनिवारचा अंक. विनोदी सिनेमा पाहण्याची याहून वाईट रीत मला सुचत नाही.

त्यात आपल्याकडच्या समीक्षकाचं शिक्षण ज्या शाळेत झालं ती शाळाही पाहायला हवी. पुण्यात १९६४मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं, फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये सतीश बहादुर यांनी चित्रपट रसास्वादाची परंपरा घालून दिली, मुंबईत १९६८मध्ये प्रभात चित्र मंडळ सुरू झालं. या मंडळींनी मराठी माणसाला सिनेमा वाचायला शिकवला. डि सिका, राय, बर्गमन यांच्या चित्रपटांवर रात्र रात्र चर्चा केल्या. चौकट कशी रचली, कट कुठे दिला, शांतता कशाला वापरली, हे त्यांनी दाखवलं, आणि हे ऋण मोठं आहे. पण या शाळेत सिनेमा म्हणजे एका दिग्दर्शकाचं म्हणणं असं धरलेलं असतं. म्हणणारा एक, ऐकणारा एक. ज्या सिनेमात दिग्दर्शक फक्त मांडव घालतो आणि बाकीचं वऱ्हाडी करतात, त्याला मोजायचं माप या शाळेनं दिलं नाही. सरकारनंही आपल्या परीनं वाटणी करून ठेवली आहे. राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट वेगळा आणि ‘निकोप मनोरंजन करणारा लोकप्रिय चित्रपट’ वेगळा. १९९४ सालचा हा दुसरा मान ‘हम आपके’ला मिळाला, आणि नृत्यदिग्दर्शनाचा जय बोराडे यांना. १९९५ सालचा लोकप्रिय चित्रपट ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’. चांगला आणि आवडता अशी दोन ताटं सरकारी पंगतीतही वेगळी वाढली जातात.

या वाटणीच्या दोन्ही बाजूंना न मावणारा एक माणूस लिबर्टीतच बसलेला होता. पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन. चित्रकलेतली त्यांची जाण कोणाला विचारायची गरज नव्हती, आणि त्यांनी हा सिनेमा पुन्हा पुन्हा, लोकांनी मोजणी सोडावी इतक्यांदा पाहिला. माधुरीवरचं त्यांचं प्रेम जगजाहीर झालं, पुढे २०००मध्ये त्यांनी तिला घेऊन ‘गजगामिनी’ केला. वृत्तपत्रांनी हे सगळं लहरीपणा म्हणून रंगवलं. मला त्यात एका मोठ्या चित्रकाराचं साधं प्रेक्षक होणं दिसतं.

तरीही एक टीका अशी आहे की जी मी कितीही वेळा वाचली तरी बाजूला सारू शकत नाही. रुस्तम भरूचा यांनी १९९५मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त या चित्रपटावर लेख लिहिला. त्यांनी या चित्रपटाला स्वप्नराज्य म्हटलं. या घरात सगळं आहे आणि अडचण कशाचीच नाही. बाजार खुला झालेल्या भारताचं हे कौटुंबिक स्वप्न आहे, त्यात वस्तू आहेत, देव आहेत, प्रेमळ नोकर आहेत, आणि बाहेरचं काहीही आत येत नाही. १९९२च्या डिसेंबरात बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर आणि १९९३च्या मुंबईतल्या दंगली-बॉम्बस्फोटांनंतर दोन वर्षांच्या आत आलेल्या सिनेमाबद्दल हा प्रश्न विचारला जायलाच हवा होता. आमच्या त्या रांगेतल्या कोणालाही तो सुचला नाही, आणि सुचणारही नव्हता. आम्ही आमच्यात मग्न होतो. आपल्या माणसांत बसून हसताना कोण आपल्यात नाही याची आठवण होत नाही. ती करून द्यायला बाहेरचा, एकटा बसलेला माणूस लागतो. म्हणजे भरूचा यांचाही प्रश्न मुळात ‘कोणाबरोबर?’ हाच आहे. त्यांनी तो रिकाम्या खुर्चीकडे पाहून विचारला.

मराठी सिनेमात हाच प्रश्न वीस वर्षांनी फार जवळून समोर आला. २०१४ साली ३ जानेवारीला रवी जाधव यांचा ‘टाइमपास’ लागला आणि १४ फेब्रुवारीला नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’. सहा आठवड्यांचं अंतर. दोन्हींत शाळकरी वयातलं प्रेम, दोन्हींत मुलगा मुलीच्या घराच्या उंबऱ्याबाहेरचा. ‘टाइमपास’मधला दगडू दहावीत गटांगळ्या खाणारा, फिल्मी बोलणारा, गल्लीतला वाघ, प्राजक्ता लेल्यांची, शिस्तीच्या घरातली, गाणं शिकणारी. प्रथमेश परब आणि केतकी माटेगावकर यांना पाहायला पोरं झुंडीनं आली. ‘नटरंग’ आणि ‘बालगंधर्व’ करणाऱ्या दिग्दर्शकानं चिनार-महेश यांच्या गाण्यांवर, वैभव मांगले आणि भाऊ कदम या दोन बापांवर थिएटरं भरवली. तोवरच्या सर्वांत जास्त कमाईच्या मराठी चित्रपटांत तो गेला. कॉलेजच्या कट्ट्यावर महिनोन्‌महिने दगडूची भाषा बोलली जात होती.

‘फँड्री’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, पदार्पणातल्या सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा नागराज मंजुळे यांना आणि बालकलाकाराचा सोमनाथ अवघडेला. समीक्षकांनी तो डोक्यावर घेतला आणि ते योग्यच होतं. पण त्यात विनोद नाही असं कोणी समजू नये. शालूसाठी नायक जब्याची चाललेली धडपड, काळ्या चिमणीची शोधाशोध, जीन्सच्या पँटचं स्वप्न; निम्मा चित्रपट आपण प्रेमकथा पाहावी तसा हसत पाहतो. मग गावातली डुकरं पकडायचं काम जब्याच्या घरावर येतं. गाव बांधावर, भिंतीवर बसून मॅच पाहावी तसं पाहतं. टोमणे, शिट्ट्या, खिदळणं. डुक्कर हाताशी आलेलं असतं आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं; अख्खं कुटुंब ताठ उभं, डुक्कर पसार. मी ज्या थिएटरात हा प्रसंग पाहिला तिथे इथपर्यंत हशा होता. पडद्यावरच्या गावकऱ्यांचा आणि खुर्चीवरच्या लोकांचा हशा एकमेकांत मिसळला होता. शेवटी जब्या दगड उचलतो आणि तो सरळ आपल्या दिशेनं येतो.

एकत्र बसून हसण्यात जी ऊब असते ती मी वर इतका वेळ सांगत आलो. ‘फँड्री’नं तिची किंमत कोण मोजतं ते दाखवलं. दगडूवर आपण हसतो तेव्हा त्याच्या बाजूनं हसतो की लेल्यांच्या बाल्कनीतून? ‘टाइमपास’ पाहताना दोन्ही एकाच वेळी चालू असतं, आणि रवी जाधवांचं कौशल्य असं की दगडूच्या वस्तीतल्या पोरालाही अपमान वाटत नाही. त्या पोरांनी हा सिनेमा आपला मानला. इथे मला समीक्षकांपेक्षा ती पोरं अधिक नेमकी वाटतात, कारण मराठी पडद्यावर इतक्या रुबाबात वावरणारा, त्यांच्यासारखं बोलणारा नायक त्यांना फार दिवसांनी मिळाला होता. त्यांना तो पुरेसा ‘खरा’ नाही हे कळत नव्हतं असं नाही. खरं तर घरी होतंच.

नागराज मंजुळे यांनी यातून जो धडा घेतला तो विलक्षण आहे. २९ एप्रिल २०१६ रोजी आलेला ‘सैराट’ इंटरव्हलपर्यंत चक्क रोमँटिक कॉमेडी आहे. बुलेटवरची, ट्रॅक्टरवरची आर्ची, विहिरीतल्या उड्या, सल्या आणि लंगड्याची दोस्ती, अजय-अतुल यांची गाणी. करमाळ्याकडच्या या गोष्टीला तालुक्याच्या थिएटरांत लोक पडद्यापुढे नाचले, नाणी उधळली, गाणं पुन्हा लावायला लावलं. बर्लिनच्या महोत्सवात आधीच दाखवला गेलेला सिनेमा होता हा! दगडूचे सगळे दोस्त, त्यांच्या बहिणी, मावश्या अशी सगळी संगत जमवून, त्यांना तासभर मनसोक्त हसवून मग दिग्दर्शकानं त्यांना हैदराबादला नेलं आणि शेवटच्या काही क्षणांत आवाजच काढून घेतला. एकट्या समीक्षकावर त्या शेवटाचा परिणाम झालाच असता. पण हजार जण एकाच वेळी गप्प होणं ही निराळी गोष्ट आहे, आणि ती आधीच्या नाचाशिवाय मिळाली नसती. लेखांमध्ये चर्चा झाली ती प्रामुख्यानं शेवटाची. नाच हा त्या शेवटाचाच भाग होता, हे फार थोड्यांनी लिहिलं.

प्रेक्षकही पहिल्याच दिवशी बरोबर असतो असं मात्र नाही. ज्या १९९४मध्ये सलमान लिबर्टीत गाजत होता, त्याच वर्षी दिवाळीत त्याचा आणि आमिर खानचा ‘अंदाज अपना अपना’ लागला आणि पडला. दोन भामटे, एक श्रीमंत मुलगी, तिची सेक्रेटरी, अदलाबदल. आज ज्याचे संवाद लोक पाठ म्हणतात त्याला तेव्हा कुटुंबांनी विचारलं नाही. त्याला त्याची संगत पुढे मिळाली, केबलवर, भाड्याच्या कॅसेटीवर, हॉस्टेलच्या खोल्यांत. आर. माधवन आणि दिया मिर्झा यांचा ‘रहना है तेरे दिल में’ २००१मध्ये असाच पडला, टीव्हीनं तो जगवला, आणि २०२४मध्ये पुन्हा लागला तेव्हा त्याची गाणी एकत्र म्हणायला माणसं थिएटरात आली. चित्रपट तेच होते. ज्यांच्याबरोबर ते पाहायचे ते लोक तेव्हा थिएटरात नव्हते.

मुंबई सेंट्रलच्या मराठा मंदिरमध्ये सकाळच्या खेळाला ‘दिलवाले दुल्हनिया’ १९९५च्या दिवाळीपासून चालू आहे; २०१४च्या डिसेंबरात त्यानं १००० आठवडे पूर्ण केले. समोर रेल्वे, बाजूला एसटीचा डेपो. गाडीला वेळ आहे म्हणून पिशव्यांसकट आलेले, सुट्टीच्या दिवशी आलेले, नवं लग्न झालेले, सगळे तिथे बसलेले मी पाहिले आहेत. पुढे काय होणार याची चिंता कुणाला नसते. नायक बोलायच्या आधी प्रेक्षक बोलतात. या खेळाचं परीक्षण कोणी लिहायला बसलं तर त्याला पडद्याकडे पाठ करून बसावं लागेल.

आणि मी तेच सुचवतो आहे. शुक्रवारचा प्रेस शो पाहून शनिवारचं परीक्षण लिहिणं ही वर्तमानपत्राची गरज आहे, ते होत राहील. पण दुसऱ्या आठवड्यातल्या रविवारी, संध्याकाळच्या खेळाला, शक्यतो जिल्ह्याच्या गावी, तिकीट काढून पुन्हा जावं आणि दुसरं परीक्षण लिहावं. त्यात तारे नकोत. कोणत्या रांगेत कोण बसलं होतं, बायका कुठे हसल्या आणि पुरुष कुठे, कोणत्या विनोदाला मागचे स्टॉल हसले आणि बाल्कनी गप्प राहिली, इंटरव्हलला वडे घेताना काय बोलणं चाललं होतं, कोण मधूनच उठून गेलं, एवढं नोंदवावं. उबेरॉय यांनी दिल्लीत एका सिनेमासाठी हे केलं, आणि त्यातून त्या सिनेमाबद्दल जे कळलं ते शंभर परीक्षणांतून कळलं नव्हतं. मराठीत चित्रपटांवर लिहिणारे इतके जण आहेत, दिवाळी अंकांना पानं आहेत, तरुण मुलं-मुली चित्रपटाचा अभ्यास करत आहेत. ‘टाइमपास’च्या वेळी असं परीक्षण कोणी लिहून ठेवलं असतं, तर लेल्यांच्या घरातल्यासारख्या घरांतल्या मुली तो सिनेमा पाहायला कोणाबरोबर गेल्या होत्या आणि घरी काय सांगून गेल्या होत्या, हे आज आपल्याला माहीत असतं.